‘हर हर महादेव’ : मावळच्या गोष्टीतून मावळच हरवला

गेल्या वर्षावासात आमच्या भागातील एका विहारात मुलांशी गप्पा चालल्या होत्या. विषय होता आषाढी पौर्णिमेचा. बुद्धांच्या पहिल्या धम्मप्रवचनाची गोष्ट सांगून झाली. त्यानंतर आम्ही सहज म्हणालो, १६६० साली याच पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात पन्हाळ्यावरून एक वाट निघाली होती आणि त्या वाटेवर आपल्या भोर तालुक्यातील माणसे मोठ्या संख्येने मेली. पुढे विचारले, घोडखिंडीत कोण लढले? सगळ्या मुलांनी एकाच दमात एकच नाव सांगितले. कुठे वाचले, तर कुठेच नाही. ‘पिक्चरमध्ये बघितलं’, हे उत्तर.

नाव बरोबरच होते. बाजीप्रभू देशपांडे हे आपल्याच भोर तालुक्यातील शिंद गावचे. त्यांच्या शौर्याविषयी आमच्या मनात तीळभर शंका नाही. मात्र त्या खिंडीत ते एकटे नव्हते. हिरडस मावळातील शेकडो बांदल मावळे त्यांच्यासोबत होते. ज्या मुलांचे पणजोबा-खापरपणजोबा याच खोऱ्यात नांदले, त्या मुलांना त्यातले दुसरे एकही नाव ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही काही कार्यकर्त्यांनी ‘हर हर महादेव’ हा चित्रपट पुन्हा एकदा, वादाची धूळ खाली बसल्यावर, शांतपणे पाहायचे ठरवले. हा लेख त्या पाहण्यातून आला आहे.

वाद झाला, चर्चा झाली नाही

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत हा चित्रपट आला. दिग्दर्शक अभिजित देशपांडे. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत सुबोध भावे, बाजीप्रभूंच्या भूमिकेत शरद केळकर. निवेदनाला राज ठाकरे यांचा आवाज. मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा भाषांत प्रदर्शित होणारा मराठी चित्रपट म्हणून त्याची मोठी जाहिरात झाली.

नोव्हेंबरमध्ये वाद पेटला. संभाजीराजे छत्रपतींनी इतिहासाच्या मोडतोडीविरुद्ध भूमिका घेतली. बाजीप्रभू आणि शिवाजी महाराज यांच्यात दाखवलेला संघर्ष, बाजारात स्त्रिया विकल्या जात असल्याचे चित्रण, यावर आक्षेप आले. बांदल आणि जेधे घराण्यांच्या वंशजांनीही विरोध नोंदवला. ही दोन्ही घराणी आपल्या भोर तालुक्यातील. ७ नोव्हेंबरला ठाण्यातील एका मॉलमध्ये जितेंद्र आव्हाड यांनी कार्यकर्त्यांसह खेळ बंद पाडला, त्या वेळी एका प्रेक्षकाला मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, आव्हाडांना अटक झाली आणि जामीनही मिळाला. त्यानंतर बातम्या अटकेच्या आल्या, जामिनाच्या आल्या. चित्रपटावर बोलायचे राहूनच गेले.

खेळ बंद पाडणे आम्हाला मान्य नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या अंगावर हात टाकणे तर मुळीच मान्य नाही. आज आपण एक खेळ बंद पाडला, तर उद्या आपल्या चित्रपटाचा खेळ बंद पाडणाऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवणार? बंदीने प्रश्न सुटत नसतो. चित्रपट पाहावा, तपासावा आणि तो कुठे फसला हे लोकांपुढे मांडावे.

अभिनय : माणूस दिसत नाही, पुतळा दिसतो

सुबोध भावे हे कमी ताकदीचे नट नाहीत. बालगंधर्व, लोकमान्य, काशिनाथ घाणेकर या त्यांच्या भूमिका लोकांच्या लक्षात आहेत. शरद केळकरांनी २०२० च्या ‘तान्हाजी’मध्ये थोडक्या प्रसंगांत साकारलेले शिवाजी महाराज अनेकांना आवडले होते. तरीही इथे दोघेही आपल्याला का भिडत नाहीत?

आमच्या मते दोष नटांचा कमी, त्यांच्या हाती दिलेल्या कागदाचा जास्त आहे. १६६० साली महाराज तीस वर्षांचे होते. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडून महिने उलटले होते, बाहेरून कुमक पोचत नव्हती, आणि उत्तरेकडून शायिस्ताखान पुण्यात उतरला होता. अशा कोंडीत सापडलेला तिशीतला तरुण रात्री कसा जागत असेल? कोणाचा सल्ला घेत असेल? आपल्यासाठी शेकडो माणसे मरणार, हे कळल्यावर त्याच्या पोटात काय कालवत असेल? अभिनयाला वाव इथे आहे. पण पडद्यावरचे महाराज प्रश्नात पडत नाहीत, चुकत नाहीत, दमत नाहीत. ते संथ गतीने वळतात, संगीत वाढते आणि एक वाक्य येते. ते वाक्य समोरच्या माणसाशी बोललेले वाटत नाही, थिएटरमधल्या टाळ्यांशी बोललेले वाटते.

बाजीप्रभूंचेही तसेच. केळकरांचा आवाज भारदस्त आहे. पण बाजीप्रभूंच्या आयुष्यातला खरा पेच आवाजाने उलगडणारा नाही. ते आधी कृष्णाजी बांदलांचे चाकर. महाराजांनी बांदलांचा मोड केला, कृष्णाजी मारले गेले. ज्याने आपला धनी मारला त्याच्याच बाजूने उभे राहायचे आणि पुढे त्याच्यासाठी जीवही द्यायचा, हा बदल माणसाच्या आत कसा होतो? चांगल्या पटकथेने या एका प्रश्नावर तासभर खर्च केला असता. इथे तो बदल घोषणेच्या जोरावर होतो. आरोळी दिली की मन बदलते, असे या चित्रपटाचे मानसशास्त्र आहे.

आणि मावळा? ऐतिहासिक मराठी चित्रपटांच्या अलीकडच्या लाटेत ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ असे एकामागून एक चित्रपट आले. त्यातल्या काहींनी साध्या मावळ्याला थोडी जागा दिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इथे मात्र तो मागे उभी असलेली गर्दी आहे. आषाढातला पाऊस, पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत सुमारे साठ किलोमीटरची रानवाट, चिखल, जळवा, खांद्यावर पालखी. ज्यांनी हे सोसले त्यांना ना चेहरा, ना नाव, ना आपली बोली. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात आजही म्हातारी माणसे ज्या लयीत बोलतात, ती लय या चित्रपटात आमच्या कानाला कुठेच लागली नाही.

कथा : वतन गेले, शत्रुत्व उरले

सर्वांत मोठी निराशा कथेची आहे. शिवाजी महाराज आणि मावळचे देशमुख यांच्यातला झगडा हा मानापमानाचा किंवा गैरसमजाचा नव्हता. तो वतनाचा झगडा होता. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वतनदार मंडळी रयतेकडून वसुली करीत, वर सुलतानाला ठरावीक भरणा करीत, आणि मधले गिळून आपापले वाडे-हुडे मजबूत करीत. महाराजांनी या मधल्या सत्तेला वेसण घातली. मावळातला शेतकरी त्यांच्या मागे उभा राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांचा पवाडा लिहिला, तेव्हा त्यांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले ते उगाच नव्हे. योगायोग असा की भोरच्या पंतसचिवांचा राजवाडाही १८६९ सालचा सांगितला जातो. पुढे तोच राजवाडा चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणाची आवडती जागा बनला. राजवाड्याचा इतिहास कॅमेऱ्याला सापडला, पवाड्याचा इतिहास सापडला नाही.

वतन हा शब्द आपल्यासाठी परका नाही. देशमुखाचे वतन त्याला गावाचा मालक करी, महाराचे वतन त्याला गावाचा बांधील करी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच बेडीवर घाव घालण्यासाठी. वतनाची गोष्ट सांगितली असती तर सतराव्या शतकातील मावळ आणि विसाव्या शतकातील आपली लढाई यांना जोडणारा धागा प्रेक्षकाच्या हाती लागला असता. पण वतन दाखवायचे तर जात दाखवावी लागते, आणि जात दाखवली की एकाच आरोळीत सगळे एक झाले ही सोपी गोष्ट उभी राहत नाही.

कथा सोपी करण्याच्या नादात इतिहासातली कोणती माणसे अडचणीची ठरतात, ते पाहू या.

पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने कोण लढले? सिद्दी हिलाल आणि त्यांचा मुलगा सिद्दी वाहवाह. त्या लढाईत मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे वेढ्याच्या आतल्या माणसांसाठी एका सिद्दी बापाने पोटचा पोर गमावला.

उलट विशाळगडाच्या पायथ्याशी आदिलशाहीच्या वतीने वेढा घालून महाराजांची वाट अडवणारे कोण? शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी. दोघेही मराठे सरदार.

महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती सापडलेला आणि मरण पत्करलेला शिवा काशीद कोण? पन्हाळ्याखालच्या नेबापूरचा नाभिक तरुण.

गडांच्या घेऱ्यावर, मेटांवर, रानात रात्रंदिवस पहारा देणारे कोण? महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड. गडाच्या सुरक्षेची पहिली फळी हीच होती, हे जुन्या-नव्या इतिहासकारांनी नोंदवलेले आहे.

ही सगळी माणसे आपापल्या जागी ठेवली की लढाई ‘हे विरुद्ध ते’ अशी राहत नाही. ती सत्ता, वतन, निष्ठा आणि माणुसकी यांची गुंतागुंत होते. खरी गोष्ट त्या गुंत्यात आहे, आणि अभिनयाला खाद्यही तिथेच मिळते. गुंता कापला की उरतात पोशाख, तलवारी आणि आवाज.

यात बांदलांवर अन्याय झाला, हे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे. आपण देशमुखी व्यवस्थेचे टीकाकार आहोत. म्हणून एखाद्या देशमुख घराण्याचा इतिहास कोणी वाकडा केला तर गप्प बसावे, असे होत नाही. खिंडीत रक्त बांदलांच्या फौजेचे सांडले. त्या पराक्रमानंतर सभेतला पहिल्या मानाचा अधिकार जेध्यांकडून बांदलांना मिळाला, अशी आठवण हे खोरे आजही सांगते. कृष्णाजींच्या मागे घर सावरणाऱ्या दीपाऊ बांदलांची आठवणही आमच्या भागात आदराने काढली जाते. नवरा ज्याच्या हातून गेला, त्याच्याच कार्याला आपली माणसे देणारी ती बाई! एवढे मोठे पात्र हाताशी असताना पडद्यावर घोषणा ऐकाव्या लागतात, याचे दुःख वाटते.

पडद्यावरून रस्त्यावर

कोणी म्हणेल, चित्रपटच आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? २०२५ ने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. १४ फेब्रुवारीला ‘छावा’ प्रदर्शित झाला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्च महिन्यात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचा खजिना शोधायला शेते उकरू लागले, कारण पडद्यावर तसे पाहिले होते. आणि १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात बोलताना मुख्यमंत्र्यांनीच ‘छावा’नंतर औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्याचे सांगितले.

त्याआधी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या दिवशी पायथ्याच्या गजापुरात जमावाने मुस्लिमांची घरे आणि मशीद फोडली. हे गजापूर म्हणजे घोडखिंडीचाच परिसर. तारीख म्हणजे बाजीप्रभूंच्या बलिदानाच्या स्मृतिदिनाचा दुसरा दिवस. एखाद्या चित्रपटामुळे हे घडले, असे आम्ही म्हणत नाही. पण सिद्दी हिलालची गोष्ट त्या जमावातल्या किती तरुणांना कोणी सांगितली होती, हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही.

दुसरीकडे, जात ठळकपणे दाखवणारा चित्रपट आला की काय होते तेही पाहा. ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, जोतीराव फुल्यांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन २५ एप्रिलपर्यंत पुढे गेले. सेन्सॉर बोर्डाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ यांसारखे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला सांगितला. म्हणजे पोशाखपटात काल्पनिक भांडणे चालतात, पण ज्यांनी अपमान सोसला त्यांच्या जातीचे नाव चालत नाही. बाजूला काढून ठेवलेल्या माणसाला आधी कथेतून वगळायचे, आणि तो स्वतः कथा घेऊन आला की शब्द कापायचे. ही दोन्ही कामे वेगवेगळी दिसतात, परिणाम एकच होतो.

चांगला ऐतिहासिक चित्रपट काढता येत नाही, असे मुळीच नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४ च्या चित्रपटाला मराठीसाठीचे राष्ट्रपती रजतपदक मिळाले. त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब उपस्थित होते. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये केरळचे मामुट्टी यांनी बाबासाहेब उभे केले आणि त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातले बाबासाहेब एकटे पडतात, खचतात, अभ्यास करतात, चिडतात. म्हणूनच ते मोठे वाटतात. मोठेपणा दाखवायला माणूसपण पुसावे लागत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

आपण काय करायचे?

तरुण मित्रांनो, तक्रार करून थांबणे ही आपली रीत नाही. आम्हाला चार गोष्टी सुचतात.

पहिली, पाहताना तपासा. परंपरेने सांगितले, पुस्तकात लिहिले किंवा मोठ्या माणसाने म्हटले एवढ्यावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम लोकांना बुद्धांनी दिलेली शिकवण चित्रपटालाही लागू आहे. प्रत्येक पोशाखपटाला तीन प्रश्न विचारा : यात नाव कोणाला आहे आणि कोणाला नाही? भांडण कशासाठी आहे असे सांगितले आहे? आणि थिएटरबाहेर पडताना मला कोणाचा राग आला, तो का आला?

दुसरी, कागदाकडे जा. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरवण्यात ज्या जेधे शकावलीचा आधार महत्त्वाचा ठरला, ती आपल्या भोर तालुक्यातील कारीच्या जेध्यांकडची. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे. मोडी शिकायला काही महिने पुरतात. आपल्या वस्तीतल्या पाच मुलामुलींनी जरी मोडी शिकली, तरी महार वतनाची, मेटकऱ्यांची, तराळांची कागदे आपण स्वतः वाचू शकू. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या इतिहासावर किती दिवस काढायचे?

तिसरी, आपल्या खोऱ्याची गोष्ट आपणच गोळा करा. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. नाव मोठे मिळाले, आता त्या नावामागची सगळी माणसे शोधायची जबाबदारी आपली. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये, भुतोंड्यापासून कारीपर्यंत, पानशेत-भाटघरच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या विस्थापितांमध्ये अजून बोलणारी म्हातारी माणसे आहेत. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. त्यांचे आवाज नोंदवून ठेवा.

चौथी, नीरा ओलांडून शिरवळची लेणी पाहून या. महाराजांच्या कितीतरी शतके आधी या खोऱ्यात भिक्खू राहत, पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास करीत. त्यांची वस्ती लोकांच्या स्मरणातून गेली. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना तर आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात. ज्यांची गोष्ट सांगणारे उरत नाहीत, त्यांच्या घरावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते. आपल्यासाठी हा धडा पुरेसा आहे.

भोरहून एक रस्ता वरंधा घाट उतरून महाडला जातो. १९२७ साली ज्या चवदार तळ्यावर माणसांनी माणूस म्हणून पाणी प्यायले, ते तळे आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर आहे. रायरेश्वर आणि चवदार तळे ही एकाच डोंगररांगेच्या दोन बाजूंची ठिकाणे. या दोन्ही ठिकाणांना जोडणारा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. पुढच्या आषाढी पौर्णिमेला त्याच विहारात आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत, आणि या वेळी उत्तरात बाजीप्रभूंबरोबर बांदलांचे, शिवा काशीदांचे, सिद्दी हिलालचे नाव ऐकायची आमची इच्छा आहे. त्या मुलांपैकी कोणीतरी उद्या कॅमेरा हाती घेईल.